सहा तुकड्या, २७० मुलं: नावं लक्षात कशी ठेवायची?

प्रश्न: सहा_तुकड्या (कोल्हापूर)

शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. विषय विज्ञान, आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. एका तुकडीत ४२ ते ४८ मुलं, म्हणजे एकूण २७०च्या आसपास. प्रत्येक तुकडीत आठवड्याला पाच तासिका.

हजेरीपत्रक रोज वाचलं तरी ऑगस्टपर्यंत निम्मा वर्ग 'ए निळ्या दप्तरवाल्या' किंवा 'तिसऱ्या बाकावरची तू' असाच राहतो, ही बहुतेक विषयशिक्षकांची अडचण आहे. मुलांना ते लागतं, आणि वर्ग हातात यायलाही उशीर होतो. त्यात एकेका तुकडीत सात-आठ पाटील, तीन श्रावणी, दोन समर्थ. रोज किती नावं घ्यायची, फोटोंचा उपयोग होतो का, नावाच्या पाट्या करायच्या का? नेमकी पद्धत सांगावी. 'मुलांशी बोलत राहा, आपोआप येतात' हे नको, २७० जणांत आपोआप येत नाहीत.

प्रतिसाद: बाकांचा_नकाशा

नमस्कार. हजेरीपत्रक वाचून नावं बसत नाहीत याचं कारण त्या वाचण्यातच आहे. नाव आधी दिसतं, मग 'हजर' ऐकू येतं, तोवर नजर पुढच्या ओळीवर गेलेली असते. चेहरा बघून नाव आठवायची वेळच येत नाही. वर्गात काम उलटं असतं, समोर चेहरा आणि नाव डोक्यातून काढायचं. सरावही त्याच दिशेनं हवा. लँडॉवर आणि बियॉर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं १९७८ सालचं काम नावं लक्षात ठेवण्याबद्दलच आहे. पहिल्यांदा लगेच आठवायचं, मग थोड्या वेळानं, मग त्याहून उशिरा, असं अंतर वाढवत नेलं की नाव टिकतं.

आता पद्धत. प्रत्येक तुकडीचा बाकांचा नकाशा एका ए-फोर कागदावर काढा. समजा तीन रांगा, रांगेत आठ बाक, बाकावर दोघं, म्हणजे ४८ चौकोन. फळा कागदाच्या खालच्या कडेला काढा, वरच्या नाही. सगळे फळा वर काढतात आणि इथंच चूक होते. आपण फळ्याकडे पाठ करून उभे असतो. फळा वर असला की कागदावरची डावी रांग आपल्या उजव्या हाताला येते आणि बोट एकीकडे, नाव दुसरीकडे असं होतं. फळा खाली असेल तर कागद छातीशी धरला की बाक जसेच्या तसे दिसतात. नावं पेन्सिलीनं लिहा, पहिल्या आठवड्यात मुलं जागा बदलतातच. या कोऱ्या नकाशाच्या प्रत्येक तुकडीसाठी दहा-बारा झेरॉक्स काढून ठेवा. त्या कशासाठी ते पुढे येतंय.

एका तासिकेला आठ नवीन नावं, म्हणजे अर्धी रांग. त्याहून जास्त घेतली तर पहिली निसटतात. सुरुवातीची तीन मिनिटं त्या आठ जणांकडे जाऊन नाव विचारायचं, मुलानं सांगितलं की लगेच आपण उच्चारायचं. आठवं नाव झालं की कागद खाली करून पहिल्यापासून आठही परत म्हणायची. मग शिकवायला लागा. दहा-बारा मिनिटांनी प्रश्न विचारताना त्यातल्या दोघा-तिघांना नावानं उठवा. घंटा व्हायच्या आधी आठही पुन्हा, पण क्रम मोडून: शेवटचा बाक, पहिला, मधला. क्रमानं म्हटली तर आठवतो तो क्रम, चेहरा आठवत नाही.

संध्याकाळी कोरा नकाशा घ्या आणि काहीही न बघता नावं भरा. एका तुकडीला दोन-तीन मिनिटं पुरतात. सगळं भरून झाल्यावरच मूळ नकाशाशी ताडून पाहा. चुकलेल्या नावांना गोल करा, उद्याची सुरुवात त्यांच्यापासून. अडलं की मूळ नकाशात डोकावायची सवय लागली तर हा सराव पुन्हा हजेरीपत्रकासारखाच होतो.

सहाही तुकड्या एकदम सुरू करू नका. आठवी अ आणि आठवी ब एका वेळी घेतल्या की सारख्या वयाच्या, सारख्या गणवेशाच्या मुलांची नावं एकमेकांत शिरतात. पहिल्या आठवड्यात तिन्ही अ तुकड्या, दुसऱ्यात तिन्ही ब. दिवसाला २४ नवीन नावं होतात, ती झेपतात. पाच तासिकांत ४०, उरलेली दुसऱ्या सोमवारी. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला सगळ्या तुकड्यांची पहिली फेरी पूर्ण होते.

फोटोंचा उपयोग मर्यादित. ऑफिसातले फोटो पुष्कळदा पाचवीच्या दाखल्याच्या वेळचे असतात आणि नववीतला मुलगा त्यात ओळखू येत नाही. तरी वापरायचे असतील तर नाव फोटोखाली लिहू नका, डोळा आधी अक्षरावर जातो. फोटोखाली १ ते २० आकडे आणि मागच्या बाजूला त्या आकड्यांची नावं. हे आकडे हजेरी क्रमांक नसावेत. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर तर नकोच. शाळेच्या कपाटातला छापील कागद पुरेसा आहे.

प्रतिसाद: कार्डशीट

वरच्या पद्धतीला जोड देतो. ब तुकड्यांना पहिला आठवडा नावाशिवाय ठेवू नका, त्यांच्या बाकांवर नावाच्या पाट्या ठेवा.

साधा झेरॉक्स कागद पंख्याखाली उडतो आणि जून-जुलैच्या दमट हवेत दोन दिवसांत लोळतो. २०० जीएसएम किंवा त्याहून जाड कार्डशीट घ्या, ए-फोर आकाराचं. २१ सेंटिमीटरच्या बाजूचे ७-७ चे तीन भाग पाडून आडव्या घड्या घातल्या की त्रिकोणी पाटी उभी राहते, कडा चिकटपट्टीनं जोडायची. ७ सेंटिमीटरच्या पट्टीत अक्षर ४ सेंटिमीटर उंच ठेवा. मुलं पट्टीभर अक्षर काढतात आणि मग वेलांटी-मात्रेला वर जागा राहत नाही, 'तेजस्विनी' वाचताच येत नाही. जाड काळा मार्कर हवा. स्केचपेन शेवटच्या बाकावरून दिसत नाही आणि ओल्या हातानं पसरतं. पहिलं नाव मोठं, आडनाव खाली बारीक. पाटीच्या दोन्ही उभ्या बाजूंवर लिहायला सांगा, मागच्या बाकावरच्यांनाही वर्गमित्रांची नावं कळतात.

तास संपला की पाट्या गोळा करायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वाटायच्या. मॉनिटरकडे दिल्या तर अर्धा फायदा गेला. हातात 'प्रणव' आहे आणि समोर ४५ चेहरे, ही वाटणीच सरावाची वेळ. तपासलेल्या वह्यांचंही तसंच. सुरुवातीचा महिनाभर वह्या आपल्या हातानं परत करा, पाच मिनिटं जातात पण ती वाया जात नाहीत.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या मोठ्या वर्गात अशाच पाट्या वापरून अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांना प्रत्यक्षात जितकी नावं येत होती, त्याहून जास्त विद्यार्थ्यांना 'सरांना माझं नाव माहीत आहे' असं वाटत होतं. पाटी वाचून घेतलेली हाकसुद्धा मुलाच्या लेखी हाकच असते. म्हणून अकरावी-बारावीच्या ८०च्या वर्गात नकाशा जमला नाही तरी पाटी सोडू नये.

पण पाटी कायम ठेवली की आठवायचे कष्ट कुणी घेत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रोज एका रांगेच्या पाट्या आडव्या करायला सांगा.

प्रतिसाद: उच्चार_आणि_आडनावं

पाटलांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: वर्गात आडनावानं हाक मारूच नका. सात पाटलांच्या वर्गात 'पाटील' ही हाक कुणाचीच नसते. हजेरीपत्रकात आडनाव आधी असल्यानं जिभेला तीच सवय लागते, म्हणून नकाशावर पहिलं नाव लिहा आणि आडनावाचं फक्त आद्याक्षर. तीन श्रावणी असतील तर तिघींनाही पूर्ण नावानं हाक मारा, एकीलाही नुसती 'श्रावणी' म्हणू नका, नाहीतर उरलेल्या दोघी दुय्यम ठरतात. 'मोठी श्रावणी, बारकी श्रावणी' किंवा रंगावरून फरक करणं तर अजिबात नको. वडिलांच्या नावानं वेगळं करण्याआधी घरची परिस्थिती माहीत असावी. (१ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. ती मुलं पहिलीत येतील तेव्हा हजेरीपत्रकाची सवयही बदलावी लागेल.)

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नाव लक्षात राहत नाही कारण नावाला अर्थाचा आधार नसतो. १९८७ सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात एकच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर लोकांच्या लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितला तर निसटला. आता हे ऐकून आपल्याकडे मोह होतो की आडनावालाच अर्थ द्यावा: कुंभार, सुतार, लोहार, माळी, परीट. कृपा करून ही खूण वापरू नका. लक्षात राहील, पण चेहऱ्याला जात चिकटून राहील, आणि पुढे वर्षभर त्या मुलाकडे बघताना पहिली तीच डोक्यात येईल. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका वर्गात बसवलं. त्या कोल्हापुरात शिक्षकानं मनातसुद्धा वेगळे बाक मांडू नयेत.

खूण मुलानं स्वतः सांगितलेल्या गोष्टीची ठेवा. पाटीच्या आतल्या बाजूला प्रत्येकाला एक ओळ लिहायला सांगा: 'मला काय करायला आवडतं'. कोल्हापुरात फुटबॉल आणि तालीम हातचेच विषय आहेत. 'सोहम, गोलकीपर', 'वेदिका, हलगी वाजवते', 'आयुष, पहाटे तालमीत जातो'. 'क्रिकेट आवडतं' एवढंच आलं तर खूण होत नाही, कारण दहा जण तेच लिहितात. तेव्हा विचारायचं: बॅटिंग की बोलिंग, कुठल्या मैदानावर?

उच्चार पहिल्याच दिवशी पक्का करा. चुकीचा उच्चार दोन आठवडे चालला की मूलही दुरुस्त करायचं सोडून देतं. 'जय'मधला ज आणि 'जाधव'मधला ज वेगळा. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून 'झोया' हे 'झाड'सारखं म्हणायचं की 'झेंडा'सारखं, ते तिलाच विचारावं. गडहिंग्लज-चंदगडकडच्या '-ण्णवर' शेवटाच्या आडनावांत ण्ण स्पष्ट यायला हवा. गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांतली मुलं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांतली मुलं, यांची नावं ऑफिसात मराठी वळणानं लिहिली जातात. कागदावरचं नाव आणि घरातलं नाव यांत फरक असू शकतो. मुलानं दोनदा सांगूनही जमलं नाही तर वर्गासमोर तिसऱ्यांदा विचारू नका. तास संपल्यावर बाजूला विचारा आणि नकाशावर आपल्याला कळेल अशा अक्षरांत लिहून ठेवा.

आणि संत्या, पम्या, सुऱ्या हे मित्रामित्रांत ठीक आहे, आपल्याकडे ती मायेची हाक आहे. पण शिक्षकानं वर्गात एकदा '-या' लावला की तेच नाव दहावीपर्यंत राहतं, त्या मुलाला आवडो न आवडो.

सहा_तुकड्या

मनापासून आभार. फळा खाली काढायचा, हे कधी सुचलं नसतं. एक शंका: बाकावर बसलेलं मूल ओळखू येतं, पण तेच प्रार्थनेच्या रांगेत किंवा केएमटी बसच्या स्टॉपवर दिसलं की नाव येत नाही. मुलींच्या सारख्या दोन वेण्या, सारख्या रिबिनी. त्यात पावसाळ्यात सगळे रेनकोटात. यावर काय करावं?

प्रतिसाद: बाकांचा_नकाशा

बाकाशी नाव जोडलं जातं, चेहऱ्याशी जोडलं जात नाही. नकाशाच्या पद्धतीचा हा ठरलेला दोष आहे आणि तो ठरवूनच मोडावा लागतो. सगळ्या तुकड्या एकदा झाल्या की तिसऱ्या आठवड्यात रांगा फिरवा: डावी मध्ये, मधली उजवीकडे, आणि प्रत्येक रांगेतले पुढचे चार बाक मागे. एकदम सगळी उलथापालथ केली तर सगळंच हरवतं. एका तुकडीच्या रांगा सोमवारी, दुसरीच्या मंगळवारी.

विज्ञानाला प्रयोगशाळेची सोय आहे, तिचा फायदा घ्या. १५-१५चे गट करताना हजेरी क्रमांकानं पाडू नका, चेहरे बघून नावानं बोलवा. टेबलाभोवती उभं असलेलं मूल बाकावरच्यापेक्षा वेगळं दिसतं. आठवीच्या पोषण आहाराच्या रांगेजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुष्कळ. मनातल्या मनात नाव घ्या, खात्री असेल तर मोठ्यानं घ्या. खात्री नसेल तर अंदाजानं हाक मारू नका. चुकीचं नाव एकदा तोंडातून गेलं की पुढच्या वेळी तेच आधी येतं.

चेहऱ्यात बघायचं ते न बदलणारं: भुवयांचा आकार, कपाळावरची केसांची रेषा, कान, हसताना दिसणारे दात. चष्मा, रिबीन, दप्तर, केसांची ठेवण यांवर विसंबू नये, सोमवारी सगळं बदलतं. रेनकोटात चेहरा झाकला तरी आवाज आणि चाल उरते, म्हणून पहिल्या दिवसापासून नाव मुलाच्या तोंडूनच ऐका, शेजाऱ्याच्या नाही. शरीराची खूण मनातच राहू द्या, कागदावर लिहू नका. नकाशा कधी ना कधी एखाद्या मुलाच्या हाती पडतोच.

जुळी असतील तर त्यांनाच विचारा, लोक तुम्हाला कशावरून ओळखतात. उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. आणि दोघांना जोडीनं हाक मारू नका.

नाव आठवलंच नाही तर सरळ विचारावं: 'तुझं नाव पुन्हा सांग, या वेळी पक्कं करतो.' 'पूर्ण नाव काय तुझं?' असं फिरवून विचारलेलं मुलांना लगेच कळतं.

प्रतिसाद: झेडपी_शाळा

आमच्याकडे वर्ग लहान असतात, पण एक गोष्ट शहरातल्या शाळेलाही लागू आहे. दिवाळीच्या आसपास ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबांतली मुलं येतात, काही जण शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) घेऊन. त्यांचं नाव हजेरीपत्रकाच्या शेवटी लिहिलं जातं, बाक शेवटचा मिळतो, आणि चार-पाच महिन्यांत ती परत जातात. तोवर शिक्षकाची नावं 'पाठ' झालेली असतात, नवीन नाव घ्यायची सवय मोडलेली असते. जूनमध्ये आलेल्या ४५ जणांसाठी एवढी तयारी आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या एकासाठी काहीच नाही, असं होतं.

अशा मुलाला आल्या दिवशीच नकाशात चौकोन द्या, आणि तो मधल्या रांगेत पुढच्या तीन बाकांत. त्या तासिकेत त्याचं नाव तीनदा यायला हवं: आल्याबरोबर, दहा मिनिटांनी, घंटेआधी. मग दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं. एकच नाव आहे, एवढं सहज जमतं. शेजारी बसणाऱ्या दोघांनाही त्याचं नाव विचारून बघा, मुलं एकमेकांना नावानं बोलवतील हेही बघायला हवं.

दीर्घकाळ गैरहजर असलेल्यांची नावं नकाशावर वेगळ्या खुणेनं ठेवा, नाहीतर ती नावं येतात पण चेहरा नसतो, आणि मूल परत आल्यावर कुणाच्या ध्यानातच येत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवड्याचे भरलेले नकाशे शेजारी ठेवून बघा. परत परत रिकामे राहणारे चौकोन सहसा तेच असतात. ती मुलं दंगा करत नाहीत, हात वर करत नाहीत, वही वेळेवर देतात. पुढच्या आठवड्याचे पहिले प्रश्न त्यांना विचारा.

सहा_तुकड्या

शेवटचं एक. पंचगंगेला पूर आला की शाळा बंद राहतात, २०१९ आणि २०२१ला तर बरेच दिवस गेले. त्यात गणपती, मग दिवाळीची सुट्टी. तोवर केलेलं सगळं पुसलं जातं का?

प्रतिसाद: बाकांचा_नकाशा

पुसलं जात नाही, पण मागे सरकतं. खंडानंतर आठवलेलं नाव आधीपेक्षा घट्ट बसतं, म्हणून सुट्टी सरावातच धरा. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी कोरे नकाशे भरायचे, जुना नकाशा उघडण्याआधी. आठवड्याच्या सुट्टीनंतर एका तुकडीत पाच-सहा चौकोन रिकामे राहिले तर काळजी नको. दहाच्या वर गेले तर त्या तुकडीत दोन दिवस पाट्या परत मांडा. दिवाळीनंतर मात्र सगळ्या तुकड्यांत एक दिवस पाट्या मांडाच, कारण तोवर आवाज फुटलेले असतात, उंची वाढलेली असते, आणि जूनमध्ये ठरवलेल्या निम्म्या खुणा उपयोगाच्या राहिलेल्या नसतात. झेरॉक्स काढताना त्या दिवसासाठी प्रत्येक तुकडीचा एक नकाशा जास्तीचा ठेवा.